चिठ्ठी हातात आल्यापासून औषध हातात देईपर्यंत

डी.फार्म.च्या (फार्मसीच्या पदविकेच्या) ५०० तासांच्या ट्रेनिंगसाठी माझ्या औषधाच्या दुकानात मुलं-मुली येतात. रॅक, कंपन्या, ब्रँडची नावं त्यांना आठवड्याभरात पाठ होतात. अडतात ती दोन ठिकाणी. समोरच्याला तोंडावर ‘हे देता येणार नाही’ म्हणायला त्यांना जमत नाही, आणि दिलं त्याची नोंद ठेवायचा कंटाळा येतो. माझ्या मते फार्मासिस्टचं खरं काम याच दोन गोष्टींत आहे. गोळ्यांचं पाकीट रॅकमधून काढून देणं कुणालाही जमतं. म्हणून काउंटरवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. नियम भारतातले आहेत, आणि जिथे राज्याचा संबंध येतो तिथे महाराष्ट्रातले.

आधी स्वतःचं नीट करा

फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ वाचून ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध तयार करणं, मिसळणं, देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचं, असं ते कलम सांगतं. औषध नियम १९४५ मधला नियम ६५ हेच दुकानाच्या परवान्याच्या बाजूने सांगतो: चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं. ‘प्रत्यक्ष देखरेख’ म्हणजे तुम्ही त्या जागेत हवेत. फोनवर उपलब्ध असणं पुरत नाही.

यातून एक गोष्ट सरळ निघते, आणि तिच्याबद्दल मला मनापासून चीड आहे. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच कोणी, हा प्रकार. महिन्याला ठरलेले पैसे मिळतात, दुकानात जायची गरज नाही, असं सांगून नुकत्याच पास झालेल्या मुलांना गळ घातली जाते. त्या दुकानातून जे काही जाईल ते तुमच्या नावावर जातं. तिथल्या कुणी चुकीच्या मुलाला चुकीची गोळी दिली तर त्या वेळी तुम्ही कुठे होतात, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. असं सर्टिफिकेट कधीही, कुणालाही, नातेवाइकालासुद्धा देऊ नका. आणि नोकरी सोडलीत तर त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला कळवा, पोच ठेवा. मालक कळवेल म्हणून थांबू नका.

महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशननुसार पांढरा एप्रन आणि नाव व नोंदणी क्रमांक असलेला बॅज घालायचा असतो. तो घालाच. काउंटरवर चार जण उभे असताना औषधाबद्दल नेमकं कुणाला विचारायचं हे पेशंटला त्यावरूनच कळतं. जेवायला, बाहेर कामाला गेलात तर तेवढा वेळ चिठ्ठीवरची औषधं थांबवायची. मदतनीस मुलाला सांगून ठेवा, चिठ्ठी घे, बसायला खुर्ची दे, पण औषध ताई आल्यावरच मिळेल असं सांग.

चिठ्ठी वाचायची कशी

नियम ६५ मध्येच चिठ्ठी कशाला म्हणायचं हे लिहिलेलं आहे. ती लेखी हवी, डॉक्टरांची नेहमीची सही हवी, तारीख हवी. ज्याच्यासाठी औषध आहे त्याचं नाव आणि पत्ता हवा. जनावरासाठी असेल तर मालकाचं नाव-पत्ता. औषध एकूण किती द्यायचं आणि डोस काय, तेही हवं.

या यादीतल्या शेवटच्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त भर असतो. ‘टॅब अमुक बीडी’ (म्हणजे दिवसातून दोनदा) एवढंच लिहिलेलं असतं आणि दिवस लिहिलेले नसतात. मग काउंटरवरचा मुलगा स्वतःच्या मनाने पूर्ण स्ट्रिप देतो. दिवस लिहिलेले नसतील तर पेशंटला विचारा की डॉक्टर काय म्हणाले, पण त्यावर विसंबू नका. दवाखान्यात फोन करा आणि जे उत्तर मिळालं ते चिठ्ठीवर तारीख-वेळेसह तुमच्या अक्षरात लिहा. कुणाशी बोलणं झालं तेही लिहा.

अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका. हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालझिन ही नावं घाईत लिहिलेल्या अक्षरात एकसारखी दिसतात, आणि औषधं मात्र वेगळी आहेत. दोन फार्मासिस्टनी मिळून एकच अंदाज केला तरी तो अंदाजच राहतो. डॉक्टरांनी जेनेरिक नावाने (ब्रँडच्या नव्हे, औषधातल्या घटकाच्या नावाने), सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या ठळक अक्षरांत लिहावं ही सूचना वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ पासून आहे. त्यामुळे फोन करताना संकोच करण्याचं कारण नाही. ‘सर, तिसरं औषध वाचता येत नाही, खात्री करून देते’ एवढं वाक्य पुरतं. चिडणारे डॉक्टर असतात, पण थोडे.

लिहिणारा कोण आहे हेही पाहायचं. लेटरहेडवर नोंदणी क्रमांक आहे का? दाताच्या डॉक्टरांनी दाताच्या उपचारासाठी लिहिलेलं चालतं, जनावरांच्या डॉक्टरांनी जनावरासाठी लिहिलेलं चालतं. पण दंतवैद्याच्या चिठ्ठीवर मधुमेहाची गोळी किंवा पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर घरातल्या आजोबांसाठी इंजेक्शन, हे थांबवायचं. आयुर्वेदाच्या पदवीधरांनी आधुनिक औषधं लिहिण्याबद्दल राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. महाराष्ट्रात त्यासाठी सरकारच्या स्वतंत्र अधिसूचना आहेत. त्यांच्या प्रती दुकानात ठेवा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

काय चिठ्ठी नाही, हेही सांगते. रिकामी स्ट्रिप म्हणजे चिठ्ठी नाही. मोबाइलमधला स्ट्रिपचा फोटो म्हणजे चिठ्ठी नाही. शेजारणीला याच गोळीने बरं वाटलं, ही तर नाहीच. डिस्चार्ज कार्डवर सही, तारीख, डोस आणि दिवस असतील तर मी ते मानते.

टेलिमेडिसिनच्या चिठ्ठ्या आता रोज येतात. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा डिजिटल प्रत पाठवू शकतात. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहा. शेड्यूल एक्सची (शेड्यूल म्हणजे औषध नियमांतली यादी, त्यांची ओळख पुढे येते) आणि अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखालची औषधं मात्र या मार्गाने लिहिता येत नाहीत, म्हणजे फोनवरच्या तपासणीतून आलेल्या चिठ्ठीवर अल्प्राझोलाम असेल तर देऊ नका. कागदी चिठ्ठीचा व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो ही वेगळी गोष्ट आहे. फोटोवरून मी औषध काढून ठेवते, पण पिशवी हातात देते ती मूळ कागद समोर आल्यावर, कारण औषध दिल्याचा शिक्का त्या कागदावर मारायचा असतो.

पाकिटावरची खूण

औषध कुठल्या शेड्यूलमध्ये आहे हे पाठ नसलं तरी पाकीट सांगतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात नुसतं ‘आरएक्स’ (Rx) असेल तर शेड्यूल एच: चिठ्ठी हवीच. ‘आरएक्स’ लाल रंगात आणि इशारा लाल चौकटीत असेल तर एच-१: चिठ्ठी आणि शिवाय वेगळं रजिस्टर. लाल ‘एनआरएक्स’ असेल तर ते औषध अमली व मनोविकारी पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालीही येतं. लाल ‘एक्सआरएक्स’ म्हणजे शेड्यूल एक्स. त्यासाठी दुकानाला फॉर्म २०-एफचा वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक आपल्याकडे दोन वर्षं ठेवायची, आणि औषध फक्त त्याच कामासाठी राखलेल्या कपाटात कुलपात ठेवायचं. केटामाइन, मिथाइलफेनिडेट ही त्यातली नावं. बहुतेक दुकानांत हा परवाना नसतो. नसेल तर त्या औषधाचा विषय तिथेच संपला.

अँटिबायोटिकच्या बाबतीत गोंधळ होतो. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन एच मध्ये. सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम एच-१ मध्ये. पण ‘एच-१ नाही म्हणजे चिठ्ठीशिवाय चालतं’ असा जो समज पसरला आहे तो साफ चुकीचा आहे. दोन्हींना चिठ्ठी लागते. फरक रजिस्टरचा आहे.

त्वचेच्या मलमांचंही असंच. बाहेरून लावायचं म्हणून पूर्वी बरीच मलमं शेड्यूल एचच्या बाहेर होती. २०१८ पासून स्टेरॉइडची अनेक मलमं आत आली. गजकर्णावर आणि गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर ही मलमं सर्रास लावली जातात. त्वचा पातळ होते, लाल पडते, आणि बुरशी दबून पुन्हा जोरात येते. ट्यूब साधी दिसते म्हणून चटकन उचलून देऊ नका.

उलट्या बाजूनेही चूक होते. जे चिठ्ठीशिवाय देता येतं त्याला चिठ्ठी मागू नये. ओआरएस, साधी पॅरासिटामॉल, आणि लिव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गर्भनिरोधक गोळी. ही शेवटची मागायला आलेल्या मुलीला लग्नाबद्दल, वयाबद्दल, सोबत कोण आहे याबद्दल एक अक्षरही विचारायचं नाही. शक्य तितक्या लवकर घ्या, ७२ तासांच्या आत, आणि पुढची पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करा, एवढं हळू आवाजात सांगून द्यायचं. गर्भपाताच्या गोळ्यांचं किट मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ते कायद्याने मान्य केलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचं असतं आणि पाकिटावरही तसंच छापलेलं असतं. दोन्हींची गल्लत नवी मुलं करतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसऱ्या कंपनीचं देऊ का?

दिवसातून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा. नियम ६५ (११-ए) यावर स्पष्ट आहे: शेड्यूल एच, एच-१ आणि एक्सच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाच्या जागी दुसरं औषध देता येत नाही, मग त्यात घटक तोच असला तरी. म्हणजे चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल आणि तुमच्याकडे तो नसेल, तर तुम्ही स्वतः बदलायचं नाही. डॉक्टरांना फोन करायचा, संमती घ्यायची, चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी जेनेरिक नावाने असेल तर मात्र त्या घटकाचं, त्या ताकदीचं कुठल्याही कंपनीचं देता येतं.

माझं मत विचाराल तर हा नियम गरीब पेशंटला जड जातो. जनऔषधी केंद्रात तोच घटक कितीतरी स्वस्त असतो, आणि पेशंट विचारतो, ‘ताई, यातलं स्वस्त नाही का?’ नियम वाकवून त्याचं उत्तर देऊ नका. चिठ्ठी परत देऊन सांगा, ‘डॉक्टरांना जेनेरिक नावाने लिहून मागा, तुम्हाला तो हक्क आहे.’ माझे कितीतरी पेशंट आता डॉक्टरांकडे गेल्यावर स्वतःहून तसं मागतात.

मिरगीच्या, थायरॉइडच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांत तर मी संमती असली तरी दोनदा विचार करते. तिथे सतत कंपनी बदलत राहणं बरं नाही.

तीच चिठ्ठी पुन्हा आली तर

एक चिठ्ठी एकदाच वापरायची, हा मूळ नियम. डॉक्टरांनी पुन्हा द्यावं असं लिहिलं असेल तरच पुन्हा, आणि जितक्या वेळा, जितक्या अंतराने लिहिलं असेल तितकंच. औषध देताना चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. शिक्का करून घ्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर मारा. पेशंटने ३० पैकी १० गोळ्याच घेतल्या तर शिक्क्याखाली ‘३० पैकी १० दिल्या’ असं लिहा. नाहीतर पुढचा दुकानदार संपूर्ण चिठ्ठी वापरली गेली असं समजेल किंवा पुन्हा ३० देईल.

खरी अडचण बीपी आणि शुगरच्या जुन्या पेशंटची. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली, घड्यांवर फाटलेली. गोळी अचानक बंद झाली तर त्रास होईल, आणि चिठ्ठी तर कधीच संपलेली. इथे दोन टोकं टाळायची. डोळे झाकून देत राहू नका, आणि हात झटकून ‘जा डॉक्टरकडे’ असंही म्हणू नका. मी दुकानातूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून देते. तपासणीची वेळ ठरते, आणि डॉक्टर योग्य समजले तर त्याच वेळी फोनवर बोलून थोड्या दिवसांची डिजिटल चिठ्ठी पाठवतात. चालू औषध पुढे लिहिण्याची सोय टेलिमेडिसिनच्या सूचनांत आहे. काउंटरवर बीपीचं मशीन ठेवा. आकडा चिठ्ठीच्या मागे लिहून दिला की डॉक्टरही तो पाहतात, आणि पेशंटलाही पटतं की दोन वर्षांपूर्वीचा डोस आजही बरोबर असेलच असं नाही.

देण्याआधी एकदा डोस तपासा

कायद्याच्या दृष्टीने चिठ्ठी बरोबर असली तरी डोस चुकलेला असू शकतो, आणि तुम्ही शेवटचे तपासणारे आहात. तुमच्यानंतर थेट पेशंटचं तोंड. दोन ठिकाणी मी कितीही गर्दी असली तरी थांबते.

पहिलं, लहान मुलांचं द्रव औषध. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स १ मिलीत १०० मिग्रॅ असतात. सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ असतं, आणि एक ५ मिलीत २५० मिग्रॅचंही मिळतं. १० किलोच्या बाळाला १०० ते १५० मिग्रॅ लागतं, म्हणजे ड्रॉप्स दीड मिलीपर्यंत आणि १२० चं सिरप साधारण ५ मिली. आईच्या डोक्यात ‘पाच मिली’ बसलेलं असतं. तिच्या हातात सिरपऐवजी ड्रॉप्सची बाटली पडली आणि तिने ५ मिली पाजलं तर ५०० मिग्रॅ गेलं. म्हणून वजन विचारा, हिशोब करा, सिरिंजवर किंवा मापाच्या टोपणावर पेनाने रेघ मारून द्या. सर्दीच्या औषधाचंही पाहा: क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं एकत्र औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा पाकिटावर छापण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. निमेसुलाइड १२ वर्षांखाली २०११ पासून बंद आहे.

दुसरं, मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर माणूस दगावू शकतो. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असं नसेल तर फोन. असेल तर वार ठरवायचा, ‘दर रविवारी’ असं मराठीत पाकिटावर लिहायचं, आणि पेशंटकडून परत म्हणवून घ्यायचं.

बाकी नेहमीचं: ॲलर्जी आहे का, गर्भवती आहात का, दुसऱ्या डॉक्टरांकडून काय चालू आहे. दोन डॉक्टरांनी दोन ब्रँडच्या नावाने एकच वेदनाशामक दिलेलं असतं, आणि ते फक्त काउंटरवरच उघडकीला येतं.

नोंद

चिठ्ठीवरचं औषध दिलं की प्रिस्क्रिप्शन रजिस्टरमध्ये किंवा बिलाच्या प्रतीवर अनुक्रमांक, तारीख, डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव-पत्ता, औषध, किती दिलं हे हवं. शेड्यूल एच, एच-१, एक्सच्या औषधांना कंपनी, बॅच नंबर आणि एक्स्पायरीही. शेवटी फार्मासिस्टची सही. सॉफ्टवेअरमधून बिल निघालं की काम झालं असं बरेच जण धरतात. सहीशिवाय ते अर्धवट आहे.

एच-१ चं रजिस्टर वेगळं. ऑगस्ट २०१३ ची अधिसूचना, १ मार्च २०१४ पासून लागू. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या. औषध देतानाच लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. रात्री बिलं समोर घेऊन एकदम भरलेलं रजिस्टर ओळखू येतं: सगळी शाई एक, सगळं अक्षर एका लयीत. टीबीची औषधं याच यादीत आहेत. त्यांच्या बाबतीत आणखी एक जबाबदारी आहे, २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार टीबीचं औषध देणाऱ्या फार्मसीनेही पेशंटची माहिती सरकारी यंत्रणेला कळवायची. हे पेशंटच्या भल्याचं आहे. मधेच औषध सोडणाऱ्यापर्यंत कुणीतरी पोचतं. नशेसाठीही मागितली जाणारी ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, कोडीनचं कफ सिरप यांची शिल्लक मी रोज बंद करताना मोजते.

साधी नोंद दोन वर्षं, एच-१ तीन वर्षं, आणि २०१५ च्या रेग्युलेशनमध्ये पेशंटच्या नोंदी पाच वर्षं. वेगवेगळे हिशोब ठेवण्यापेक्षा मी सगळंच पाच वर्षं ठेवते.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्या मुलांना मी ऑक्टोबर २०२५ ची आठवण देते. मध्य प्रदेशात छिंदवाड्यात डायथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या कफ सिरपने लहान मुलं दगावली. अशा वेळी एखाद्या बॅचचा इशारा येतो आणि प्रत्येक दुकानाला एकच प्रश्न असतो: यातली बाटली तुमच्याकडून कुणाकडे गेली? ज्याच्या बिलावर बॅच नंबर आहे तो तासाभरात घराघरांत फोन लावू शकतो. ज्याच्याकडे नाही तो फक्त उरलेल्या बाटल्या परत करू शकतो. म्हणून मी पेशंटला विचारून बिलावर फोन नंबर लिहिते.

खरेदीच्या बिलांचंही तेच. परवानाधारक स्टॉकिस्टकडूनच (घाऊक विक्रेत्याकडूनच), बिलानेच घ्या. औषध बनावट किंवा कमी दर्जाचं निघालं तर १९४० च्या औषध कायद्याचं कलम १९(३) विक्रेत्याला आधार देतं, पण ते सिद्ध करायला लागतं: परवानाधारकाकडून घेतलं, पुरेशी काळजी घेऊनही दोष कळला नसता, आणि नीट साठवून जसंच्या तसं विकलं. बिल नसेल तर हा आधार नाही. फ्रिजमधल्या २ ते ८ अंशांची रोजची नोंद नसेल तर इन्सुलिनसाठीही नाही. खपाच्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड आहे. माल आल्यावर शंका असेल तर स्कॅन करून पाहा.

‘नाही’ कसं म्हणायचं

भीड भिकेची बहीण, हे या काउंटरला जितकं लागू आहे तितकं क्वचितच कुठे असेल. नकार ओळखीच्या माणसालाच द्यावा लागतो. शेजारचे काका झोपेची गोळी मागतात, मित्र कोडीनचं सिरप मागतो, मावशी ‘मागच्या वेळचं अँटिबायोटिक’ मागतात.

तीन गोष्टी करा. कारण स्वतःवर घ्या, संशय त्यांच्यावर टाकू नका: ‘काका, याची मला रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, चिठ्ठीशिवाय मी देऊच शकत नाही.’ दुसरं, नकाराबरोबर काहीतरी पुढचं द्या: किती दिवस ताप आहे ते विचारा, ओआरएस द्या, कुठला डॉक्टर आत्ता बसलेला आहे ते सांगा, फोन लावून द्या. श्वास लागणं, छातीत दुखणं, बाळाला झोपेतून उठवता न येणं असं काही ऐकलं तर औषधाचं बोलणं बाजूला ठेवून १०८ लावा. तिसरं, एकदा नाही म्हटलं की त्या माणसाला उद्याही, दुसऱ्या मुलाकडूनही नाहीच मिळायला हवं. दुकानात एक जण देतो आणि एक जण देत नाही हे कळलं की लोक देणाऱ्याची वेळ साधून येतात.

‘पलीकडच्या मेडिकलमध्ये तर देतात,’ हे हमखास ऐकू येईल. वाद घालू नका. ‘मी देत नाही’ एवढंच.

खोटी चिठ्ठी ओळखायच्या खुणा: फक्त एनआरएक्सची औषधं, संख्या वाढवून लिहिलेली, १० चे १०० केलेले, शाई वेगळी, दवाखाना दूरच्या शहरातला, पेशंट स्वतः कधीच येत नाही. शंका आली तर चिठ्ठीवरच्या नंबरला फोन करू नका, तो नंबरही खोटा असू शकतो. दवाखान्याचा नंबर स्वतः शोधा.

हातात देताना

औषधाचं नाव, कशासाठी, कधी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, कुठला त्रास झाला तर थांबवून डॉक्टरांना गाठायचं, डोस चुकला तर काय करायचं. या गोष्टी सांगणं रेग्युलेशननुसार फार्मासिस्टचं कर्तव्य आहे. एचआयव्ही, मानसिक आजार, गुप्तरोग यांची औषधं असतील तर बाजूला घेऊन सांगा. पेशंटला कुठलं औषध चालू आहे हे त्याच्या सासऱ्यांनासुद्धा सांगायचं नाही. रजिस्टर पाहण्याचा अधिकार औषध निरीक्षकांचा आहे, गल्लीतल्या कुणाचाही नाही.

स्ट्रिप कापायची तर बॅच आणि एक्स्पायरी छापलेला भाग शेवटपर्यंत आपल्याकडे राहील अशी दुसऱ्या टोकाने कापा, आणि दिलेल्या तुकड्याबरोबर पाकिटावर नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी लिहून द्या. एक्स्पायरी झालेला माल विक्रीच्या रॅकपासून वेगळ्या, ‘विक्रीसाठी नाही’ लिहिलेल्या खोक्यात ठेवा. डॉक्टरांचे सँपल तर दुकानात दिसताच कामा नयेत.

निरीक्षक आले तर

घाबरू नका, ओळखपत्र पाहा, फार्मासिस्ट म्हणून स्वतः पुढे व्हा. मागतील ती रजिस्टरं, बिलं, फॉर्म ३५ ची तपासणी वही दाखवा. एखादी नोंद राहिलेली असेल तर त्यांच्यासमोर भरू नका, मागच्या तारखेने तर कधीच नाही. राहिली आहे असं सांगा. नमुना घेतला तर त्याची कागदपत्रं नीट वाचून सही करा आणि प्रत ठेवून घ्या. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या, मुद्द्याला मुद्दा, सोबत बिलांच्या प्रती.

आणि एक गोष्ट, जी कुणी तपासायला येत नाही म्हणून बहुतेक जण करत नाहीत. औषधाने पेशंटच्या अंगावर पुरळ आलं, तोंड सुजलं, चक्कर येऊन पडला, तर भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमाला कळवा. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. फार्मासिस्ट कळवू शकतो, पेशंट स्वतःही कळवू शकतो. त्रास औषधामुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही, शंका पुरेशी असते. औषधाचं नाव, बॅच, कधी सुरू केलं, काय झालं, एवढं तुमच्या बिलावर आणि रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेलं असेल.